कृ. मा. प.

पुण्यात फुकट मिळणारी एकच वस्तू मला आजवर आढळली आहे, ती म्हणजे मत. आमचे घरमालक तर ते घरपोच देत असत. सकाळी साडेसहाला दार वाजे. मी खराडीच्या कंपनीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करत असल्यामुळे सकाळचे साडेसहाही वाजतात, हे मला वारज्यात राहायला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. डोळे चोळत दार उघडावं तर समोर काका उभे. गळ्यात मफलर, काखेत वर्तमानपत्राची घडी, आणि दोन जिने चढून आल्यामुळे लागलेली धाप.

"वाचलंत?"

"नाही अजून."

"उत्तम. म्हणजे मन कोरं आहे. तर ह्या कप्तानाच्या प्रकरणात माझं वैयक्तिक मत असं आहे, की..."

'वैयक्तिक' ह्या शब्दावर त्यांचा भारी जीव. मत इतकं वैयक्तिक असेल, तर गुडघे दुखत असताना ते कठडा धरून दुसऱ्या मजल्यावर कशाला आणायचं, हे मला काही केल्या कळेना. शेवटी काकूंनी खुलासा केला. "खाली मी ऐकत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून वर येतात."

काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. वारजे गावाबाहेर होतं आणि तिथे जागा घेणाऱ्याला लोक वेड्यात काढत, तेव्हा त्यांनी आमच्या सोसायटीत दोन फ्लॅट घेऊन ठेवले. तळमजल्यावर स्वतः राहत, दुसऱ्या मजल्यावरचा भाड्यानं देत. इमारतीला लिफ्ट नव्हती. मी जागा बघायला गेलो तेव्हा पाणी किती वाजता येतं, हे विचारायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी मला बसवलं आणि त्यांनीच विचारलं, "कप्तान आणि तो परदेशी प्रशिक्षक, दोघांत चूक कुणाची?"

त्या दिवसांत देशापुढे दुसरा प्रश्नच नव्हता. मी भीत भीत म्हटलं, "दोघांचीही थोडी थोडी असेल."

"म्हणजे तुम्हांला मत नाही."

"तसं नाही खास."

"छान. मला असाच भाडेकरू हवा होता. सामान कधी आणताय?"

सोसायटीच्या कमिटीनंही माझी मुलाखत घेतली होती. अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहत. त्यांनी माझं आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, आडनावावरून आणखी जे काही विचारायचं असतं ते न विचारताच समजून घेतलं, आणि म्हणाले, "आपलाच मुलगा आहे. काही हरकत नाही." चहाचा कप माझ्या हातात होता, तो संपायच्या आत मी त्यांचा झालो होतो. मला तेव्हा त्यात काहीच खटकलं नाही. जागा मिळाली ह्याचाच आनंद होता.

सोसायटीत काकांना सगळे 'अग्रलेख' म्हणत. समोर नव्हे, समोर आपलं 'काका'. दूध आणायला निघालं की वाटेत कुणीतरी विचारी, "आज अग्रलेख कशावर?" आणि आधी सापडून आलेला माणूस सांगे, "चेंडू कुरतडण्यावर आहे. पाठोपाठ पेट्रोल. तुम्ही मागच्या गल्लीनं जा."

नाव मात्र चपखल होतं. काकांचं मत हे नेहमी 'एकीकडे'नं सुरू होई. एकीकडे असं आहे. मग दुसरीकडे तसं आहे. मग एक 'मात्र' येई आणि त्या 'मात्र'नंतर दोन्हीकडचं सगळं पुसलं जाई. आणि शेवटी, मफलर सारखा करत, "हे अर्थात येणारा काळच ठरवेल." एवढं झालं की ते जिना उतरायला लागत. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, पण मग तुमचं मत काय झालं?"

"सांगितलं की."

"तुम्ही दोन्ही बाजू सांगितल्यात."

"ऐकल्यात का दोन्ही? मला वाटलं, दुसरीला डुलकी लागली तुमची."

विषयाचं बंधन त्यांना नव्हतं. खेळाडूंचा लिलाव सुरू झाला त्या वर्षी तर मला महिनाभर झोप नाही. "लिलाव हा जप्तीच्या मालाचा असतो," ते म्हणत. "आमच्या खात्यात मोडक्या जीपचा लिलाव व्हायचा. पण तिच्या भोवती नाचायला कुणी मुली ठेवल्या नव्हत्या." माझ्या नोकरीबद्दलही त्यांचं मत तयार होतं. आमची कंपनी नेमकं काय करते ते मी त्यांना समजावून सांगितलं. तिकडच्या विमा कंपन्यांचे दावे, त्यांची छाननी, त्याचं सॉफ्टवेअर, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही अमेरिकेचे कारकून. वाईट वाटून घेऊ नका. मी सरकारचा होतो."

असा हा जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असणारा गृहस्थ. पण स्वयंपाकघरातून काकूंनी विचारावं, "अहो, भाजी कुठली करू?" की उत्तर ठरलेलं: "काहीही चालेल."

"लग्न झाल्यापासून विचारतेय," काकू मला म्हणाल्या. "वेस्ट इंडिजनं कुणाला आधी गोलंदाजी द्यावी हे ह्यांना कळतं. घरात दुधी करू की भेंडी, ह्यावर मत नाही. मुलीला स्थळ आलं तेव्हा म्हणाले, एकीकडे मुलगा चांगला आहे. शेवटी मीच हो म्हणून मोकळी झाले."

मला ते तेव्हा नुसतं विनोदी वाटलं. पुढे लक्षात आलं, की काकू भाजीबद्दल बोलत नव्हत्या.

त्या काळात बातम्यांच्या वाहिन्यांनी एक नवीन खूळ काढलं होतं. तुमचं मत आम्हांला एसएमएस करा. कप्तानाला काढावं का? हो असेल तर एक पाठवा, नाही असेल तर दोन. काकांकडे मोबाइल नव्हता, म्हणून ते माझ्याकडे आले. मी फोन हातात घेऊन विचारलं, "एक की दोन?"

"लिहा," काका म्हणाले. "महोदय. एकीकडे कप्तानाची कामगिरी पाहता..."

"काका, नुसता आकडा पाठवायचाय."

"मत मागितलंय ना त्यांनी? आकडा हे मत असतं का? रेशनच्या दुकानात असतो आकडा. तुम्ही लिहा."

मी लिहिलं. मराठी रोमन लिपीत, अंगठा दुखेपर्यंत, तीन तुकड्यांत पाठवलं. पलीकडून यंत्रानं लगेच कळवलं, की आपलं मत इनव्हॅलिड आहे. काकांनी ते वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान पसरलं. "पचलं नाही त्यांना," ते म्हणाले, आणि पुढचे कित्येक दिवस दुधाच्या केंद्रावर ही हकिकत विजयासारखी सांगत राहिले.

वर्षातून एकच दिवस हा माणूस निराळा होई. सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत विवाहित विरुद्ध अविवाहित असा टेनिस बॉलचा सामना असे आणि काका पंच असत. डोक्यावर टोपी, अंगात भाच्याचा जुना प्रयोगशाळेतला पांढरा कोट. त्या दिवशी एकीकडे नाही, दुसरीकडे नाही. बोट वर, नाहीतर मान आडवी, विषय संपला. एके वर्षी त्यांनी मला धावबाद दिलं, तेव्हा ते पाठमोरे उभे राहून दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाच्या बुटाची नाडी सुटल्याचं त्याला सांगत होते.

मी भांडायला गेलो. "काका, तुम्ही बघितलंच नाहीत."

"बघणं हे प्रेक्षकांचं काम."

"माझ्या मते मी आत होतो."

"तुमचं मत तुमच्याजवळ. पंचाला मत नसतं, निर्णय असतो. निघा."

काकू दरवर्षी गॅलरीत खुर्ची टाकून पूर्ण सामना बघत. क्रिकेटमधलं त्यांना काही कळत नव्हतं. "हे हो किंवा नाही म्हणतात, ते बघायला बसते," त्या म्हणाल्या. "एकच दिवस मिळतो."

तर असं आमचं बरं चाललं होतं. मग तांबोळी आला.

तांबोळी माझ्याच कंपनीत, माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. जन्म पुण्यातला, बाप पुण्यातला, आजोबांचं पेठेत तंबाखूचं दुकान. मराठी इतकी स्वच्छ, की क्लायंटशी फोनवर भांडताना मध्येच 'अहो' म्हणे. वडील गेल्यावर तो आईबरोबर जुन्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर राहत होता. त्या घराचा जिना असा उभा, की सामान दोरीनं वर घ्यावं लागे. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. "दिवाळीपासून आई जमिनीवर आलेली नाही," तो एकदा जेवताना सहज म्हणाला, आणि डब्यात बघत राहिला. त्याला तळमजल्यावरचा फ्लॅट हवा होता. बाकी कशाचाही हट्ट नव्हता.

आमच्या सोसायटीत काकांच्या समोरचाच फ्लॅट विकायचा होता. मी तांबोळीला घेऊन आलो. तो पुढच्या रविवारी आईला घेऊन आला. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना पेठेतला तो जिना उतरवला होता. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर चप्पल काढून अनवाणी फरशीवर पाय टेकवले आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांची आणि काकांची गुडघ्यांवरून ओळख निघाली. दोघांचा डॉक्टर एकच, औषध एकच, आणि त्याचा गुण न येणंही एकच. काका म्हणाले, "ह्या डॉक्टरबद्दल माझं वैयक्तिक मत असं आहे..." आणि त्या बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं. वर म्हणाल्या, "बरोबर बोलताय तुम्ही." काकांना आयुष्यात असा श्रोता मिळाला नव्हता. ती मंडळी गेल्यावर ते मला म्हणाले, "शेजार उत्तम आहे."

फ्लॅटचा मालक तयार होता. कर्जाला बँक तयार होती. बँकेला फक्त सोसायटीचं ना हरकत पत्र हवं होतं. मला ज्या चहाच्या एका कपात ते मिळालं होतं, त्यासाठी तांबोळीच्या वेळी विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली.

सभा पार्किंगमध्ये भरली. नव्यानं घेतलेल्या गाड्या रस्त्यावर काढून प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तांबोळीला ओळख करून द्यायला बोलावलं होतं, तो शेवटच्या रांगेत माझ्याशेजारी बसला. मी भाडेकरू, म्हणजे मला बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

एकेक सभासद उभा राहून बोलला. "माझा व्यक्तिशः काहीच आक्षेप नाही. माझे कितीतरी मित्र त्यांच्यातले आहेत. पण बाकीच्यांचा विचार करावा लागतो." तो बसला की दुसरा उठे आणि तेच बोले. हे बाकीचे कोण, ते मी मान वळवून वळवून शोधत होतो. सगळे तर इथेच बसले होते. मग एक निवृत्त गृहस्थ उठले आणि त्यांनी तांबोळीलाच विचारलं, "राग मानू नका, पण मॅचच्या दिवशी आपण काय करता?"

कुठली मॅच, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"टीव्हीसमोर बसून शिव्या देतो," तांबोळी म्हणाला. "आपल्याच टीमला. दुसऱ्यांना द्यायला तेवढी ओळख नाही."

दोघंतिघं हसले. काकाही हसले. मला वाटलं, जमलं.

मग चिठ्ठ्या वाटल्या. आमच्या सेक्रेटरींची काटकसर सगळ्यांना माहीत होती. जुन्या नोटिशींचे पाठकोरे कागद कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. कोऱ्या बाजूला वर दोन ओळींचा ठराव: 'सदर इसमास सदनिका घेण्यास ना हरकत देण्याबाबत आपले मत द्यावे.' खाली हो किंवा नाही लिहायला जागा. हुशार माणसानं आधीच सांगायला हवं होतं, की कागदावर 'मत' हा शब्द छापून तो काकांच्या हातात देऊ नका.

बाकीच्यांच्या चिठ्ठ्या क्षणात घड्या होऊन बिस्किटांच्या डब्यात पडल्या. काका लिहीत होते. डबा त्यांच्यापाशी येऊन थांबला. काकांनी चिठ्ठी उलटून बघितली, पुन्हा सुलटी केली, काहीतरी पुटपुटले. सेक्रेटरी म्हणाले, "काका, आटपा." काकांनी घडी घातली आणि टाकली.

मोजणी झाली. हो आणि नाही अगदी बरोबरीत निघाले. एक चिठ्ठी उरली. सेक्रेटरींनी ती उलगडली, चष्मा वर सरकवला, आणि मोठ्यानं वाचली.

"'सदर इसम' असा उल्लेख असभ्य आहे. इसम समोर बसलेला असून त्यास नाव आहे. एकीकडे पाहता, सदनिका कोणी कोणास विकावी ह्यात सोसायटीने पडणे अनाठायी होय. दुसरीकडे, बहुसंख्य सभासदांच्या भावना ध्यानात घेणेही क्रमप्राप्त ठरते. मात्र... कृ. मा. प."

शाळेपासूनची सवय. कृपया मागे पाहा. सेक्रेटरींनी चिठ्ठी उलटवली आणि मागचं वाचलं, "...दुरुस्तीनिमित्त पंप बंद राहील. सभासदांनी पाणी भरून ठेवावे."

पार्किंग हसण्यानं दणाणलं. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. तांबोळीसुद्धा हसला. काका उभे राहिले. "मागे जागा नव्हती," ते म्हणाले.

"काका, ही चिठ्ठी बाद धरावी लागेल," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "पण तुमचा मान आहे. तोंडी सांगा. हो की नाही?"

हसणं थांबलं. तांबोळी खुर्चीत पुढे सरकून बसला. तळमजल्याच्या गॅलरीत काकू उभ्या होत्या, त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. एक अक्षर हवं होतं. सव्वीस जानेवारीला हाच माणूस पाठमोरा उभा राहून माणसं घरी पाठवत असे.

काकांनी मफलर सारखा केला. "त्याचं असं आहे," ते म्हणाले, "की हा प्रश्न हो किंवा नाही इतका सोपा नाही. एकीकडे..."

"बरं, बरं," अध्यक्ष म्हणाले. मग बरोबरी झाल्यामुळे त्यांनी आपलं निर्णायक मत, अत्यंत जड अंतःकरणानं, विरोधात टाकलं. सेक्रेटरींनी सामोसे आणले होते. ते लगेच वाटायला घेतले.

तांबोळीनं सामोसा घेतला नाही. जाता जाता तो काकांसमोर थांबला. आवाज चढवला नाही, उलट नेहमीपेक्षा मऊ बोलला. "काका, तुमच्या पहिल्या दोन ओळी फार आवडल्या. तिसरीपासून मला माझं घर दिसेनासं झालं."

काका काहीतरी बोलायला गेले. तोवर तो मोटारसायकलला किक मारून गेलासुद्धा.

मला इतका राग आला होता, की दुसऱ्या दिवशी साडेसहाला दार वाजलं तर काय काय बोलायचं, ते मी रात्रभर घोकून ठेवलं. दार वाजलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी पहिल्यांदाच आठपर्यंत झोपू शकलो असतो, पण साडेसहाला जाग येई आणि मी कानोसा घेत पडून राही. वैताग नुसता. त्याच सुमारास सट्टेबाजीचं एक मोठं प्रकरण बाहेर आलं. पहिलं पान भरून, रोज नवीन नाव. दुधाच्या केंद्रावर लोक मागच्या गल्लीनं न जाता मुद्दाम थांबून राहिले.

"काका, आज काय मत?"

"काही नाही," काका म्हणाले, आणि पिशव्या घेऊन चालू लागले.

पुढे एका रविवारी, चांगल्या नऊ वाजता, दार वाजलं. काका दारात उभे. काखेत वर्तमानपत्र नव्हतं.

"आत येऊ का?" ते म्हणाले. हे त्यांनी आजवर विचारलं नव्हतं. खुर्चीत बसले, गुडघे चोळले. "तुमचा करार मार्चअखेर संपतो. तो वाढवणार नाही."

मी गडबडलो. "भाडं वाढवायचं असेल तर..."

"भाड्याचं बोललोय का मी? आम्ही दोघं इथे वर राहायला येतोय. खालचा फ्लॅट तांबोळींना भाड्यानं देतोय. त्यांच्या आईंना."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "अहो काका, तुमचे गुडघे?"

"त्यांना विचारलेलं नाही."

"आणि काकू?"

"तिनंच विचारलं मला. सभा झाल्यापासून बोलत नव्हती. परवा ताट वाढलं आणि म्हणाली, 'त्या बाईंना आपली जागा द्यायची का? एकीकडे-दुसरीकडे नको. हो की नाही, तेवढं सांगा आणि मग जेवा.'" काकांनी पुन्हा गुडघे चोळले. "भूक लागली होती."

मी हसलो. ते हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काळ ठरवेल, काळ ठरवेल म्हणून आयुष्य काढलं हो. काळाला कुठला वेळ असायला."

नियमानं भाडेकरू ठेवायला ना हरकत लागत नाही, नुसतं कळवावं लागतं; माझी मुलाखत ही कमिटीची हौस होती. काकांनी कळवलं. एका ओळीचं पत्र, खाली सही. कृ. मा. प. नव्हतं. त्याच संध्याकाळी अध्यक्ष आणि सेक्रेटरी काकांच्या घरी आले. पाण्याची मोटर तळमजल्यावर होती, म्हणून मी नेमका तिथेच होतो. खरं सांगायचं तर मोटर चांगली चालू होती.

"काका, बाकीच्यांचं मत असं आहे..." अध्यक्षांनी सुरुवात केली.

"पंचाला मत नसतं," काका म्हणाले. "निर्णय असतो. आपण चहा घेणार?"

"आम्हांला हे रजिस्ट्रारकडे न्यावं लागेल."

"न्या की. थर्ड अंपायर. पण तोवर मैदानात बोट माझं."

चहा मात्र दोघांनीही घेतला. पुण्यात कुणी चहा विचारतं, ही संधी सोडण्याइतके ते तत्त्वनिष्ठ नव्हते. रजिस्ट्रारकडे पुढे कुणी गेलं नाही. बहुतेक बाकीच्यांनी जायचं राहिलं असावं.

तर काकांनी आयुष्यातला पहिला निर्णय घेतला आणि त्यात बेघर झालो मी. ज्याच्यावर अन्याय झाला तो घरात, ज्यांनी केला ते आपापल्या घरात, आणि ज्याचा काही संबंध नव्हता तो खोकी बांधतोय. मी हडपसरला जागा बघितली. तिथला घरमालक नऊ वर्षांनी आजही मला एका शब्दानं कुठल्याही विषयावर काही सांगत नाही. भाडं घेतो आणि दार लावतो. झोप उत्तम लागते. कंटाळा येतो.

जागा सोडल्यावर काही महिन्यांनी, एका रविवारी, मी वारज्याला गेलो. तळमजल्याच्या दाराबाहेर तांबोळींच्या आई उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाय अनवाणी, फरशीवर टेकलेले. त्यांनी मला ओळखलं आणि तांबोळी कंपनीत वेळेवर जेवतो का, ह्याची उलटतपासणी घेतली. मी जिना चढायला लागलो तर पहिल्या मजल्यावर काका कठडा धरून उभे. बाजारातून येत होते, पुढे चढायच्या आधी दम खात होते. रोज येता-जाता त्यांना तिथे थांबावंच लागे. आणि तिथे दार होतं अध्यक्षांचं. ते उघडं होतं, आत अध्यक्ष दाढीचा साबण तोंडाला लावून उभे होते, आणि काका बोलत होते.

"...तर ह्या नव्या कप्तानाबद्दल माझं वैयक्तिक मत असं आहे..."

अध्यक्षांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी ओळखतो. ती कित्येक वर्षं माझी होती. मी नमस्कार केला आणि काकांना घेऊन वर आलो.

वर माझ्याच जुन्या खोलीत, माझी टेबलखुर्ची जिथे असे तिथे, खिडकीशी, काका बसले. अजून धापत होते. गुडघ्याला नवीन पट्टा दिसला. मला राहवलं नाही. "काका, दिवसातून इतक्यांदा चढ-उतार. त्रास होत असेल ना?"

"एकीकडे होतो," काका म्हणाले.

मी दुसरीकडेची वाट बघत बसलो. काकांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. मी वाकून बघितलं. तांबोळींच्या आई खुर्चीतून उठल्या होत्या. भिंतीचा आधार सोडून, एकेक पाऊल टाकत, भाजीची गाडी थांबवायला फाटकाकडे चालल्या होत्या.

आम्ही दोघंही बघत राहिलो. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, गाडी आलीय. भाजी कुठली करू?"

"मेथी," काका म्हणाले.